रजिस्टर हललेला रशिया

मागच्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला, शंभर वर्षांपूर्वीच्या रशियाचे रंगीत फोटो, दहा-बारा होते, खाली नेहमीचं 'जरूर पहा व पुढे पाठवा'. पाच मिनिटांत आतेभावाचं उत्तर, काका हे एआयने रंगवलंय, तेव्हा कुठे होते कलर फोटो. मग दोन अंगठे, एक हात जोडलेला, विषय संपला. माझा नाही संपला. त्यातल्या एका फोटोत एक सूट-टोपीतला माणूस डोंगरातल्या नदीकाठी दगडावर बसलाय, आणि त्याच्या बाजूच्या पाण्यावर झूम करून बघितलं तर बारीक बारीक रंग सुटलेले, इथे जरा लाल, तिथे जरा हिरवं, कुठे निळं, जसं काही कोणी पाण्यावर रॉकेल सांडलंय.

आता रंगवणारा माणूस असो नाहीतर कॉम्प्युटर, तो पाणी निळं करेल, फार तर हिरवट करेल. पाण्यात असे सुटे रंग मुद्दाम कोण कशाला टाकेल? हे एकाच कारणाने होतं, तीन रंग तीन वेगवेगळ्या वेळी उमटले असतील आणि मधल्या वेळात माल हलला असेल तर. हे मला पुस्तकातून नाही माहीत, हे मला बोलणी खाऊन माहीत आहे.

मी पुण्यात नऊ वर्षं एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपीला होते. मशीन सिंगल कलर. म्हणजे चार रंगांचं काम आलं की तोच कागद चारदा मशीनमधून जायचा, एकेका रंगाची वेगळी प्लेट, दरवेळी शाई धुवायची, नवीन लावायची, आणि चारही रंग कागदावर बरोब्बर एकमेकांवर बसायला पाहिजेत. त्यासाठी कोपऱ्यात बारीक फुल्या असतात, भिंग लावून बघायच्या, चार फुल्यांची एकच फुली दिसली की रजिस्टर बसलं. पावसाळ्यात काही केल्या बसायचं नाही, कारण काल पिवळा छापून ठेवलेला कागद रात्रभरात दमट होऊन केसभर वाढलेला असायचा. एका वर्षी एका किराणावाल्याची दोन हजार कॅलेंडरं अशी निघाली, गणपतीला चार डोळे आणि उंदराला हिरवी सावली. पार्टीने अर्धेच पैसे दिले आणि ती कॅलेंडरं वाटलीसुद्धा! आमच्या मशीनमन मामांनी तेव्हा जे तोंड सोडलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर, त्या पाण्यात मला रजिस्टर हललेलं दिसलं. आणि मग रात्री एक वाजेपर्यंत मी शोधत बसले.

दगडावर बसलेला माणूस स्वतः फोटोग्राफरच निघाला. सर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की. १८६३ चा जन्म, जुन्या सरदार घराण्यातला, शिकून केमिस्ट झालेला, सासऱ्यांचा धातूचा कारखाना होता तिथे डायरेक्टर. म्हणजे घरचं खाऊनपिऊन सुखी. पण डोक्यात फोटो. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्वतःचा स्टुडिओ आणि लॅब टाकली आणि पुढच्या वर्षी थेट बर्लिन गाठलं, अडॉल्फ मीथे नावाच्या प्रोफेसरकडे रंगीत फोटोग्राफी शिकायला. गंमत बघा, तेव्हा रंगाचं काही करायचं म्हटलं की सगळे जर्मनीकडेच बघायचे. आपल्याकडे राजा रविवर्मांच्या प्रेसमध्ये, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथेसुद्धा फ्रिट्झ श्लायशर म्हणून जर्मन तंत्रज्ञ होता आणि नंतर तर प्रेसच त्याने विकत घेतला. आणि दादासाहेब फाळके, सिनेमा डोक्यात यायच्या आधी छपाईच्या धंद्यात होते, तेही १९०९ मध्ये रंगीत छपाईची मशीनरी आणायला जर्मनीला गेले होते.

पण मुळात ही आयडिया जर्मन नाही. मॅक्सवेल हा स्कॉटिश शास्त्रज्ञ, त्याने १८६१ मध्ये लंडनला एका चौकड्यांच्या रिबिनीचा फोटो असा दाखवला होता. सोपं आहे. तेव्हा फोटो काचेवर निघायचा, आणि त्या काचेवरच्या मसाल्याला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो, किती उजळ किती काळं एवढंच. तर मग एकाच गोष्टीचे तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचे, एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. लाल काचेतून काढलेल्यात लाल गोष्टी उजळ येणार, निळ्या गोष्टी काळ्या पडणार. आता हे तीन फोटो तीन दिव्यांसमोर ठेवून, पुढे त्याच त्या रंगाच्या काचा लावून, पडद्यावर एकावर एक पाडायचे. रंग परत येतो. पडद्यावर येतो बरं का, काचेवर नाही. प्रोकुदिन-गोर्स्कीच्या एवढ्या सगळ्या काचांमध्ये एकाही काचेवर कणभर रंग नाहीये, सगळ्या राखाडी. हे कळल्यावर मी दोन मिनिटं नुसती बसले होते.

अडचण होती लालची. त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही. मॅक्सवेलचा प्रयोगसुद्धा म्हणे नशिबानेच जमला, रिबिनीचा लाल भाग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परत फेकत होता आणि काचेने तेच टिपले, हे शंभर वर्षांनी कोडॅकवाल्यांनी शोधून काढलं. घरातले फार जुने फोटो असतील तर बघा, बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, शाईचा ठिपका लावल्यासारखं, त्यामागे हेच कारण. मीथेने काचेला लाल 'दिसावं' म्हणून मसाल्यात घालायचा एक रंग शोधला होता, आणि प्रोकुदिन-गोर्स्कीने परत येऊन त्यावर स्वतःच्या लॅबमध्ये आणखी काम केलं. त्याचं खरं भांडवल हे, केमिस्ट्री. कॅमेरा नंतर.

त्याच्या काचा उभ्या, साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि तेवीस लांब. एकाच काचेवर एकाखाली एक तीन चौकटी, वर निळी, मध्ये हिरवी, खाली लाल. एक चौकट झाली की काच सरकवायची, पुढचा फिल्टर, परत. तिन्ही मिळून चांगल्या उन्हातसुद्धा काही सेकंद जाणार. तेवढा वेळ माणसाने पुतळा होऊन बसायचं. माणूस बसतो हो, नदी कुठे बसते. धूर, झाडाची पानं, शेपटी हलवणारा कुत्रा, हे कोणी बसत नाही.

१९०८ च्या मे महिन्यात त्याने टॉलस्टॉयचा फोटो काढला, यास्नाया पोल्याना या त्यांच्या गावी जाऊन. आधी रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली होती, की तुम्हाला फार वेळ बसावं लागणार नाही. ऑगस्टमध्ये टॉलस्टॉय ऐंशी वर्षांचे होणार होते. बागेत खुर्चीवर, पायावर पाय टाकून, निळसर सदरा, बूट, आणि ती दाढी. त्याच्या छापील प्रती रशियाभर घरोघरी गेल्या. (आम्हा छपाईवाल्यांसाठी सोन्याहून पिवळं. त्याच्या तीन चौकटी म्हणजे आमच्या भाषेत तयार सेपरेशन, एकेका शाईचं चित्र वेगळं केलेलं! लालची चौकट म्हणजे सायनची, आकाशी शाईची प्लेट, हिरवीची मॅजेंटा, म्हणजे गुलाबी, निळीची पिवळा.) टॉलस्टॉयचा हा फोटो मी आधी शंभरदा बघितला असेल, पुस्तकाच्या कव्हरवर वगैरे, पण रंगवलेला असणार असंच धरून चालले होते. म्हणजे आतेभावाला हसायचा मला तसा काही हक्क नाही.

या फोटोने नाव झालं आणि १९०९ मध्ये झार निकोलस दुसरा याच्यापुढे खेळ लागला. खेळच म्हणायचं. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका होती ना, काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर दाखवायची, त्याच जातीतलं हे यंत्र, फक्त एका दिव्याऐवजी तीन आणि चित्रकाराच्या ब्रशऐवजी तीन फिल्टर. राजवाड्यातला अंधार, तीन भिंगं असलेलं ते पेटारं, आणि पडद्यावर एकदम खरीखुरी फुलं, खरं आकाश. झार खूश. प्रोकुदिन-गोर्स्कीने तिथेच प्लॅन मांडला, दहा वर्षांत दहा हजार फोटो, अख्खं साम्राज्य रंगात, शाळेतल्या पोरांना आपला देश केवढा आहे ते दाखवायला.

आणि मिळालं सगळं. रेल्वेचा स्पेशल डबा, आत डार्करूम. नद्यांवर फिरायला बोटी, उरल पर्वताच्या भागात फिरायला फोर्ड गाडी. आणि दोन कागद, एक की या माणसाला कुठेही जाऊ द्या, आणि दुसरा की सरकारी लोकांनी मदत करा. आता मेख ऐका. डबा, बोट सरकारची, पण काचा, केमिकल, हाताखालची माणसं, सगळा खर्च याच्या खिशातून. सरकारने संग्रह विकत घ्यावा म्हणून त्याने नंतर खटपट केली, काही जमलं नाही. जेवणाचं आमंत्रण द्यायचं आणि शिधा पाहुण्यालाच आणायला सांगायचा, हे काही फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही म्हणजे.

१९०९ ते १९१५ फिरला. मारिइन्स्की कालव्यांची साखळी, उरल, व्होल्गा, कॉकेशस, तुर्कस्तान म्हणजे आजचा उझबेकिस्तान वगैरे भाग. चर्च, मठ, धरणं, पूल, रेल्वे यांचे फोटो ढीगभर आहेत, खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मी भराभर पुढे सरकवले, कारण सरकारी कामाचा वास येतोच, हा आमचा पूल, हा आमचा कारखाना. पण मध्येच माणसं येतात आणि हात थांबतो. शेक्स्ना नदीजवळ तीन खेडवळ मुली, लाकडी घरासमोर उभ्या, हातात ताटल्या, ताटल्यांत रानातली फळं, कॅमेऱ्याकडे अशा बघतायत की आता पुढे काय करायचंय. समरकंदचा कलिंगडवाला. बाटुमीजवळच्या चहाच्या मळ्यातल्या ग्रीक बायका. आणि पिंखुस कार्लिन्स्की म्हणून एक म्हातारा, कालव्याच्या दरवाजांवरचा सुपरवायझर, वय ८४, नोकरी ६६ वर्षं. ६६! अठराव्या वर्षी लागला आणि अजून ड्युटीवर. आमच्याकडे लोक अठ्ठावन्नला कंटाळतात.

बुखाराचा अमीर आलिम खान, १९११. हा सगळ्यात गाजलेला, फॉरवर्डमध्ये पहिला तोच होता. गडद निळा रेशमी झगा, त्यावर फुलंच फुलं, पांढरा फेटा, सोनेरी पट्टा, तलवार. हा माणूस नावाला राजा, बुखारा रशियाच्या अंकित. आपल्या संस्थानिकांना बघितलेल्या कोणालाही हा पोज ओळखीचा वाटेल, जेवढी सत्ता कमी तेवढा जरीकाठ जास्त. याच दौऱ्यात प्रोकुदिन-गोर्स्कीने बुखाराच्या तुरुंगाचाही फोटो काढलाय, गजाआडून बाहेर बघणारे कैदी आणि बाहेर पहारेकरी. दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याने, त्याच तीन काचांनी. झारला कोणते दाखवायचे याचा हिशोब असेलच त्याच्या डोक्यात, पण काढले मात्र दोन्ही.

हे सगळं वाचल्यावर माझ्यातला डीटीपी ऑपरेटर काही गप्प बसेना. त्याच्या काचा अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि त्यांनी त्यांचे स्कॅन फुकट ठेवलेत, कोणीही डाउनलोड करा. अमीराची उभी पट्टी उतरवली, भलीमोठी टिफ फाईल, माझा लॅपटॉप रडायला लागला. तीन अमीर एकाखाली एक, तिन्ही राखाडी. काचेच्या कडा उडालेल्या, कुठे ओरखडा, कुठे मसाला सुटलेला. वरच्या चौकटीत त्याचा झगा फिकट, जवळजवळ धुतलेला, आणि सगळ्यात खालच्या चौकटीत तोच झगा काळा. एकच कापड! मग तिन्ही कापल्या, तीन लेयर केले, लालचा लाल चॅनेलमध्ये, हिरव्याचा हिरव्यात, निळ्याचा निळ्यात. पहिल्यांदा जे दिसलं ते अगदी आमच्या किराणावाल्याचं कॅलेंडर. अमीराला तीन नाकं. मग झूम करून त्याच्या तलवारीच्या मुठीवर नजर ठेवली आणि अॅरो कीने एकेक पिक्सेल सरकवत गेले, वर, वर, जरा डावीकडे, परत खाली. बराच वेळ चिखल. आणि मग एका टिचकीला एकदम झगा निळा झाला. म्हणजे अचानकच. आधीच्या क्षणी नव्हता आणि आता फुलांसकट आहे. मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली, त्याने येऊन बघितलं, म्हणाला छान आहे, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या.

अमीर हललेला नाहीये अजिबात. राजाच तो, बसायचीच सवय. पण गर्दीचे फोटो घ्या, एखाद्या पोराचा चेहरा तीन रंगांत तीन ठिकाणी असतो, निळ्या फिल्टरच्या वेळी तो इकडे बघत होता आणि लालपर्यंत कंटाळून तिकडे. आणि इथेच माझं इंटरनेटवरच्या हौशी लोकांशी भांडण आहे. हे फोटो लोक 'क्लीन' करून टाकतात, कडेचे रंग पुसतात, पाणी गुळगुळीत करतात, पोराचा एकच चेहरा ठेवतात. लायब्ररीने २००१ च्या प्रदर्शनासाठी सव्वाशेच्या आसपास फोटो जुळवून घेतले, त्यात ओरखडे काढले, कडा कापल्या, ते ठीक आहे, काचेवरचा ओरखडा काही रशियाचा नाही. पण पाण्यातला रंग तिथलाच आहे ना. त्या दिवशी ती नदी निळ्या फिल्टरपासून लालपर्यंत जेवढी वाहिली तेवढीच ती रेघ आहे. ती पुसली की उरतं ते पोस्टकार्ड. आम्हाला प्रेसमध्ये रजिस्टर हललं की शिव्या पडायच्या, आणि तेच इथे मला सगळ्यात जास्त आवडलंय, याला काय म्हणावं. नेहमीच्या कलर फोटोत हे दिसत नाही. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम काढली होती, बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण काचेवर पसरून, त्यात एकाच झटक्यात तिन्ही रंग यायचे, सुंदर दिसते, मऊ, धुकट, पण त्यात कोणी हललं की नुसतं पुसट होतं. इथे हलणाऱ्याला रंग फुटतात.

पुढची गोष्ट तशी सगळ्यांना माहीत असलेलीच. १९१७ ला क्रांती, झार गेला, पुढच्या वर्षी कुटुंबासकट मारला गेला. प्रोकुदिन-गोर्स्कीने १९१८ मध्ये देश सोडला. नॉर्वे, मग इंग्लंड, मग फ्रान्स. काचांच्या पेट्या बरोबर होत्या, सगळ्या नाही, बऱ्याच मागे राहिल्या. काचा घेऊन देशोदेशी फिरायचं म्हणजे काय, आम्ही घर बदलताना लोणच्याच्या दोन बरण्या नीट नेऊ शकलो नाही. फ्रान्समध्ये पुढची वीसेक वर्षं काढली, आणि २७ सप्टेंबर १९४४ ला पॅरिसमध्येच गेला, पॅरिस नाझींच्या हातून सुटलं त्याच्या महिनाभरानंतर. तो निळ्या झग्यातला अमीर, त्याचंही राज्य १९२० मध्ये लाल सैन्याने घेतलं, तो पळून काबूलला राहिला आणि तोही १९४४ मध्येच वारला. दोघांपैकी कोणीही परत घरी गेलं नाही.

१९४८ मध्ये वारसांकडून लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह घेतला. १९०२ काचा. साल नाही हो, आकडा, एकोणीसशे दोन, मी पण आधी गोंधळले. आणि मग पन्नास वर्षं त्या जवळपास तशाच, कारण काचेवरच्या तीन चौकटी हाताने जुळवून एक रंगीत फोटो करणं फार कटकटीचं. स्कॅनर आणि कॉम्प्युटर आले तेव्हा काम झालं, २००४ मध्ये एका प्रोग्रॅमने सगळ्याच्या सगळ्या जुळवून टाकल्या.

माझ्या आजीचा एक फोटो आहे, तिच्या लग्नानंतरचा, स्टुडिओत काढून मग रंगवून घेतलेला. साडी हिरवीगार, गालावर गुलाबी, कुंकू लालभडक. आजी शेवटपर्यंत म्हणायची की मी त्या दिवशी जांभळं नेसले होते, मेल्याने विचारलं पण नाही. आम्ही हसायचो. आता तो फोटो बघितला की वाटतं, तीन काचा असत्या तर कळलं असतं कोणतं जांभळं.

असो. परवा मी माझा जुळवलेला अमीर आणि ती नदी, दोन्ही आमच्या मशीनमन मामांना व्हॉट्सअॅप केले. ते आता रिटायर होऊन सासवडला असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. खाली सगळं लिहिलं, मामा, हे १९११ चं काम आहे, असं असं रशियाचा फोटोग्राफर, असं असं झार. दोन निळ्या टिका आल्या आणि बराच वेळ काहीच नाही. मग रात्री त्यांचा व्हॉइस मेसेज, मागे टीव्हीवर मालिका चालू. "बघितलं. काम चांगलंय. राजाच्या पट्ट्यापाशी मॅजेंटा जरा डावीकडे घे, हललाय."

परत लॅपटॉप उघडला. हललाच होता, एक पिक्सेल.